बांध, वाट आणि अपील

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा जड आहे. आधीच सांगतो, चहा घेऊन निवांत बसा.

माझं गाव निमगाव केतकी, तालुका इंदापूर. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं गाव, पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. आमच्याकडे पारावर कोर्टाचा विषय निघाला की तो बहुतेक वेळा तीनच गोष्टींचा असतो. कोणीतरी बांध कोरला, कोणीतरी वाट अडवली, नाहीतर विहिरीच्या पाळीवरून भावकीत वाजलं. मुंबई-पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. फूटभर जमिनीसाठी माणसं पंधरा-पंधरा वर्षं तारखा घालतात? घालतात. आणि कधीकधी प्रकरण तारखांवर थांबत नाही, कुऱ्हाडीवर जातं.

गंमत अशी की ज्या कागदावर हे सगळं भांडण चालतं, त्याचा जन्मच मुळी आमच्या तालुक्यातला. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची नव्यानं मोजणी केली. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीनं सारा इतका बसवला होता की गावं ओस पडत होती. या दोघांनी प्रत्येक शेताला नंबर दिला, हद्दीच्या खुणा रोवल्या आणि ३० वर्षांसाठी सारा ठरवून टाकला. पुढे हीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली. म्हणजे 'सर्व्हे नंबर' या शब्दाचं बीटा टेस्टिंग इंदापुरात झालं म्हणायला हरकत नाही!

पण या कागदाला एक मर्यादा आहे. जमीन कोणाची आणि किती, हे तो सांगतो. त्या जमिनीतून कोणी चालायचं, कोणाची बैलगाडी जायची, हे मात्र वहिवाटीवर चालत आलेलं असतं. आजही महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, ती तहसीलदार ठरवतात. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. कायदा आहे, अधिकारी आहेत. पण वाट द्यायची की नाही हे खरं ठरतं ते गावात कोणाचं वजन किती यावर. एका घराच्या मागे आख्खी भावकी आणि दुसऱ्या घराच्या मागे कोणीच नाही, अशी परिस्थिती असली तर काय होतं?

तर आता खैरलांजी.

भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भैय्यालाल भोतमांगे यांचं बौद्ध कुटुंब, सुमारे पाच एकर जमीन. गावात कुणबी आणि कलार समाजाची बहुसंख्या. त्यांच्या शेतातून रस्ता हवा म्हणून गावातल्या काही जणांशी बरीच वर्षं वाद चाललेला. भैय्यालाल यांच्या पत्नी सुरेखा गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या तक्रार करायच्या, मुलांना शिकवायच्या. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहायचे. ३ सप्टेंबर २००६ ला त्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. सुरेखा आणि त्यांच्या मुलीनं मारणाऱ्यांची नावं पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही झाला. त्याच संध्याकाळी जमावानं भोतमांगेंच्या घरावर हल्ला केला. सुरेखा, मुलगी आणि दोन्ही मुलगे, चौघंही मारले गेले. मृतदेह कालव्यात टाकले. भैय्यालाल तेवढे वाचले.

महिनाभर बाहेर फारसं कोणाला कळलं नाही. नोव्हेंबरात विदर्भ पेटला, मग तपास सीबीआयकडे गेला. अकरा जणांवर आरोपपत्र दाखल झालं. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, तिघं सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप. मात्र कटाचा आणि अॅट्रॉसिटी कायद्याचा आरोप टिकला नाही.

खालच्या कोर्टानं फाशी दिली म्हणजे ती लगेच लागू होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) कलम ३६६ प्रमाणे हायकोर्टानं ती कायम करावी लागत असे. कोणी अपील केलं नाही तरी फाईल वर जायचीच. आमच्या भाषेत सांगायचं तर रिव्ह्यू झाल्याशिवाय कोड प्रॉडक्शनला जाणारच नाही. आणि अपिलात बहुधा नव्यानं साक्षी होत नाहीत. खाली जे नोंदलं गेलं तेच वाचायचं. रेकॉर्डमध्ये जे आलं नाही, ते अपिलापुरतं घडलेलंच नसतं. पहिल्या दिवसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन ढिलं झालं असेल, तर वरचा कितीही विद्वान न्यायाधीश ते दुरुस्त करू शकत नाही. लॉगच लिहिला नसेल तर डीबग काय करणार?

१४ जुलै २०१० ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला. आठही जणांचा दोष कायम, पण फाशी रद्द, सगळ्यांना २५ वर्षं सक्तमजुरी. खुनाचं कारण सूड. सुरेखा आणि मुलीनं मारहाण प्रकरणात नावं सांगितली, त्याचा राग. जातीमुळे खून झाला असं म्हणता येत नाही, म्हणून अॅट्रॉसिटी कायदा इथेही लागला नाही.

मी इथेच अडकतो. कोर्टाची बाजू समजून घ्यायला हवी, कारण फौजदारी खटल्यात प्रत्येक गोष्ट संशयापलीकडे सिद्ध व्हावी लागते आणि कायद्याचे शब्द जसे आहेत तसेच लावावे लागतात. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(५) मध्ये तेव्हा शब्द होते की गुन्हा व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' झाला पाहिजे. आता सूड हे कारण सापडल्यावर जात कुठे बसवायची?

पण ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही रूट कॉज शोधतो. डिस्क भरली, हे शेवटचं कारण झालं. ती का भरली, हा पुढचा प्रश्न. इथे तसंच करून बघा. हल्ला का झाला? नावं सांगितली म्हणून. नावं का सांगावी लागली? पोलीस पाटलांना मारलं म्हणून. त्यांची गरज का पडली? वाटेच्या भांडणात कुटुंब एकटं होतं म्हणून. आणि एकटं का होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यावर सापडत नाही. जमिनीचा वाद तर आमच्या गावात घरोघरी आहे. पण समोरचा भावकीवाला असेल तर मारायला जाताना माणूस दहा वेळा विचार करतो, उद्या त्याचे वीस जण येतील म्हणून. इथे कोणी येणार नाही याची खात्री होती. ती खात्री कुठून आली?

'जमिनीचा वाद की जातीचा' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. हा ड्रॉपडाऊन नाही, एकच पर्याय निवडायला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

नंतर कायदाही तिकडेच सरकला. दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून 'या कारणावरून'च्या जागी, व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, असे शब्द आले. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? म्हणजे पुराव्याचा तो डोंगर बराच उतरला. जुन्या गुन्ह्यांना ही दुरुस्ती लागत नाही, ते घटनेच्या कलम २० प्रमाणे बरोबरच आहे. पण एप्रिल २०२१ मध्ये आंध्रातल्या एका अपिलात (पाटण जमाल वली) सुप्रीम कोर्टानं जुन्या शब्दांबद्दलही सांगितलं की जात हे एकमेव कारण असायची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असलं तरी चालेल. पुराव्याअभावी त्या खटल्यात मात्र अॅट्रॉसिटीची शिक्षा टिकली नाही.

हे ऐकायला भैय्यालाल नव्हते. सुप्रीम कोर्टातलं प्रकरण निकाली निघायच्या आत, जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. चार माणसं गेल्यावर हा माणूस दहा वर्षं कोर्टाच्या तारखा मोजत होता. दोषींना शिक्षा झाली, ती हायकोर्टातही टिकली. पण आपली माणसं कशामुळे मेली याचं त्याला पटलेलं उत्तर निकालपत्रात आलं नाही.

१८३६ पासून आपण शेतांना नंबर देतोय. आता ऑनलाइन सातबारा आला, ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली. सगळं चांगलंच आहे, मी स्वतः डेटावरच पोट भरतो. फक्त पुढच्या वेळी पेपरात 'जमिनीच्या वादातून खून' अशी दोन ओळींची बातमी दिसली, तर तेवढ्यावर पान उलटू नका. वाट कोणी कोणाची अडवली होती, आणि अडवणाऱ्याच्या मागे किती जण उभे होते, एवढं तरी विचारा.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.