जाळीखालची विहीर

२०२५च्या एप्रिलमध्ये मुंबईतले टँकरवाले संपावर गेले, तेव्हा आमच्या अंधेरीच्या सोसायटीत बऱ्याच जणांना पहिल्यांदाच प्रश्न पडला : हे टँकरचं पाणी येतं तरी कुठून? बरंचसं इथल्याच विहिरींतून आणि बोअरमधून. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांवरून महापालिकेनं विहीरमालकांना नोटिसा धाडल्या होत्या, त्यातून हा संप. काही दिवसांत तो मिटला, पण धास्ती राहिली.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचाय. आज आम्ही शंभर माणसं आहोत, उद्या दोनशे होऊ. सभेत ठराव आला : नव्या इमारतीसाठी खोल बोअर मारू. मागे लोखंडी जाळी घातलेली जुनी विहीर आहे. नकाशात तिच्या जागी पार्किंग दाखवलंय. मत देण्याआधी मी उपनगरातल्या पाण्याचा इतिहास वाचायला बसले.

सुरुवात बोरिवलीजवळच्या कान्हेरीपासून. इथे हजारेक वर्षं बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. लेण्यांलगत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आजही दिसतात. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय, आणि ती दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. पाणी खाली शोधण्याऐवजी या लोकांनी पावसाळ्याचं पाणी अडवून साठवलं.

त्यामागचं कारण दगडात आहे. मुंबईची जमीन लाव्हाच्या खडकाची. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा त्याचाच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा उघडा सुळका. असा अखंड खडक पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. म्हणजे आपल्या पायाखाली तळं नाही, गुल्लक आहे. दर पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यापर्यंत रिकामी होत जाते.

गावठाणांची तहान या गुल्लकीनंच भागवली. ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायची रीत होती. गंमत म्हणजे साष्टीतलं पाणी आधी शहरानं नेलं. १८६०मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९चा तुळशी, दोन्ही तलाव उपनगराच्या डोंगरात, पण बांधले गेले ते दक्षिणेकडच्या बेटावरच्या मुंबईसाठी.

नळ आल्यावर त्या बेटावर विहिरी संशयित ठरल्या. १९११च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचं मूळ विहिरींत वाढणाऱ्या डासांत दाखवलं. विहिरी झाका किंवा बुजवा, असा तगादा लागला. हिंदू आणि पारशी समाजांतून त्याला धार्मिक कारणांनी विरोध झाला. बेंटली डासांबद्दल चुकले नव्हते, पण ‘विहीर म्हणजे धोका’ एवढंच लोकांच्या डोक्यात उरलं. १९५० आणि १९५७मध्ये महापालिकेची हद्द वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येत गेलं आणि विहिरींवर इमारती चढल्या.

आज सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं, तरी मागणी पुढेच आहे. गारगाई धरण, मनोरीचा खाऱ्या पाण्याचा प्रकल्प अशा योजना आहेत. आमच्या दोनशे माणसांचं काय, हा हिशेब मात्र आम्हालाच करायचा होता.

तो मी सभेत फळ्यावर मांडला. माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशला जातं. म्हणजे दोनशे जणांचं रोज ९,००० लिटर, आणि त्याला पिण्याचं पाणी लागत नाही. आमचा प्लॉट हजार चौरस मीटरचा. दोन मीटर पाऊस धरला, तर वर्षाला वीस लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी अडवलं किंवा मुरवलं, तरी ११० दिवसांचं फ्लश. मुरलेलं सगळं आपल्याच विहिरीत थांबणार नाही, उताराकडे सरकेल, हेही सांगितलं.

बोअरनं हा हिशेब बदलत नाही. ती त्याच भेगांतलं पाणी जास्त वेगानं ओढते. शेजारच्या चार इमारतींनीही बोअर मारली, तर गुल्लक एकच आणि हात पाच. वर्सोव्यासारख्या खाडीकाठी उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा सरकलं की लवकर मागे जात नाही.

म्हणून माझी मागणी अशी : विहीर नकाशात ठेवा, गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा, फ्लशची पाइपलाइन वेगळी टाका, पाणी तपासून घ्या. डासांसाठी बारीक जाळी आणि गप्पी मासे. बोअरचा निर्णय त्यानंतर.

“दोन गाड्यांची जागा जाईल,” एक काका म्हणाले. खरंच जाईल. तासभर वाद झाला आणि ठराव पावसाळ्यानंतरच्या सभेपर्यंत पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांनी आणि मी जाळी उचलली, गाठी मारलेली दोरी आत सोडली. ऐन एप्रिलमध्येही पाणी होतं. आता दर रविवारी गाठी मोजून वहीत लिहिते. पुढच्या सभेत ती वही सोबत असेल.