मूल्ये कुठे शिकली गेली?

शाळांचा दर्जा घसरला, जुनी मूल्ये गेली, असं आपण नेहमी म्हणतो. पण जुनी म्हणजे कोणती? कुंडलात बोलतोय, तर इथलाच इतिहास पाहू.

१९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. औंध संस्थानातले कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र. जी. डी. बापू लाड इथलेच. गावोगावी न्यायदान मंडळे बसली, दारूबंदी झाली, गांधी विवाह लागले. हुंडा नाही, मानपान नाही. आता बघा, हुंडा आणि मानपान ही तर परंपराच होती! ती मोडणाऱ्यांनाच आज आपण मूल्यांचे आदर्श मानतो.

हे पोरांना शिकवलं कुणी? पुस्तकातल्या धड्याने नव्हे. त्यांनी ते मांडवात आणि चावडीवर पाहिलं.

आज मुलगा हुंड्याविरुद्ध निबंध लिहून गुण मिळवतो आणि घरी थोरल्या भावाच्या लग्नाची बोलणी ऐकतो. यातलं काय त्याच्या ध्यानात राहील? वाचता न येणारं मूल पुढच्या वर्गात गेलं, तर तो दोष आम्हा शिक्षकांचाच. पण बैठकीतली ती बोलणी शाळा करत नाही, आपण करतो.