कुंपण आणि शेत

अणुद्रव्याची चोरी म्हटलें कीं परदेशी हेर, मध्यरात्रीचा काळोख आणि तोडलेलें तारेचें कुंपण हीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु १९९२ सालीं रशियांत जी चोरी घडली, तिच्यांत यांपैकीं कांहींच नव्हतें. आणि म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे.

मॉस्कोच्या दक्षिणेस पोदोल्स्क नांवाचें नगर आहे. तेथील ‘लूच’ या अणुसंशोधन संस्थेंत एक रसायनतज्ञ अनेक वर्षें नोकरीस होता. डिसेंबर १९९१ मध्यें सोव्हिएत संघ मोडला. पुढच्याच महिन्यांत भावांवरील नियंत्रण उठलें आणि त्या एका वर्षांत किंमती वीसपटींहून अधिक चढल्या. पगारांत संसार चालेना. युरेनियमला मोठें मोल येतें, असें या गृहस्थाच्या वर्तमानपत्रांत वाचनांत आलें. त्याची आकांक्षा मात्र, त्यानेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, एक रेफ्रिजरेटर आणि एक शेगडी घेण्यापुरतीच होती.

संस्थेच्या नियमाप्रमाणें युरेनियमवर प्रक्रिया होतांना शेंकडा ३ इतकी घट हिशेबांत माफ असे. कामांत कांहीं अंश वाया जाणारच, असें धरून ही सूट ठेविलेली होती. हा रसायनतज्ञ निष्णात होता. त्याच्या हातून घट कमी होई. जें वांचे तें तो घरीं नेई. एका खेपेस ५० ते ७० ग्रॅम, असें करीत कांहीं महिन्यांत त्यानें सुमारें दीड किलोग्रॅम द्रव्य आपल्या घराच्या सज्जांत जमविलें. एवढ्यानें बाँब होत नाहीं, हें खरें. पण शेंकडा ९० पर्यंत समृद्ध केलेलें तें युरेनियम अस्त्राच्या प्रतीचें होतें. संस्थेच्या दारावर किरणोत्सर्ग ओळखणारें यंत्र नव्हतें. आणि वह्यांतील बेरीज तर बिनचूक जुळत होती.

ऑक्टोबरांत गिऱ्हाईक शोधण्यासाठीं मॉस्कोस निघाला असतां तो पोदोल्स्कच्या स्टेशनावर पकडला गेला. पण पोलीस त्याच्या मागावर नव्हतेच. चोरीच्या बॅटऱ्यांबद्दल त्याच्या ओळखीच्या कांहीं माणसांचा शोध चालला होता. त्यांच्यासमवेत तोही सांपडला. १९९३ मध्यें न्यायालयानें त्याला तीन वर्षें चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मोकळें सोडलें.

सोव्हिएत अणुकेंद्रांना तटबंदी, ओळखपत्रें आणि शस्त्रधारी पहारा यांची वाण नव्हती. परंतु ती सारी व्यवस्था बाहेरच्या शत्रूकडे तोंड करून उभी होती. हिशेब ठेवला जाई तो उत्पादनाचें उद्दिष्ट पुरें झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं; आंतल्या माणसानें काय नेलें, हा प्रश्न त्या वह्यांना कोणी विचारलाच नव्हता. कुंपणच शेत खातें, ही म्हण खरी. पण येथें कुंपणास भूक लागली आहे, हेंही मालकास कळलें नाहीं.

१९९४ नंतर अमेरिकेच्या साह्यानें रशियन केंद्रांच्या दारांवर किरणमापक यंत्रें आलीं, तोलमाप नेमकें झालें. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें २००८ सालीं आंतल्या माणसाकडून संभवणारा धोका आणि संस्थेची सुरक्षावृत्ति या दोन्ही विषयांवर मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केल्या. यंत्रें विकत मिळतात. वृत्ति घडवावी लागते. सर्वांवर संशय घेणें हा तिचा अर्थ नव्हे. त्याच हलाखींत दिवस काढणाऱ्या असंख्य सहकाऱ्यांनीं द्रव्यास हात लावला नव्हता. दोघांनीं मिळून तोल घेणें यांत प्रामाणिक माणसाचा अपमान नसून त्याचें रक्षण आहे; आणि सोबत्याची विवंचना वेळींच वरिष्ठांच्या कानीं घालणें ही चहाडी नव्हे, असें ज्या संस्थेंत सर्वांस वाटतें, तेथेंच पहारा आंतूनही जागा राहतो.