स्त्रीपुरुष तुलनेतील नीतितत्त्वे

कृत्य योग्य की अयोग्य, हे कशावरून ठरवावे याचा विचार म्हणजे नीतिशास्त्र. त्यातील मुख्य उपपत्ती तीन. कर्तव्यवाद (इमॅन्युएल कांट, १७२४–१८०४) : जो नियम सर्वांना सारखा लावता येईल, त्यानुसारच वागावे. उपयुक्ततावाद (बेंथॅम, मिल) : कृत्याचे मोल त्यातून होणाऱ्या सुखदुःखावरून करावे. सद्‌गुणनीती (ॲरिस्टॉटल) : कृत्याआधी माणसाचे शील पाहावे. मराठीत या प्रश्नांना रोजच्या जगण्यात उतरवणारा एक निर्भीड ग्रंथ बुलढाण्याच्या लेखिकेने लिहिला.

ताराबाई शिंदे (१८५०–सु. १९१०) यांचा जन्म वऱ्हाडातील बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि समाजसुधारक जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा मिळाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहून तिला उत्तर दिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

स्त्री आणि पुरुष यांत साहसी कोण, हा प्रश्न ग्रंथाच्या पूर्ण शीर्षकातच आहे. येथे साहस म्हणजे शौर्य नव्हे, तर अविचाराने केलेले दुष्कृत्य. बायकांच्या माथी मारलेले दोष एकेक घेऊन ताराबाई ते पुरुषांच्या वागण्याशी ताडून पाहतात. बायको वारली की पुरुष दुसरी करतो. मग नवरा वारला तर बाईनेच जन्मभर शिक्षा का भोगावी? विधवेला फसवणारा उजळ माथ्याने हिंडतो, पाप मात्र एकटीच्या पदरी पडते. पती देव असेल, तर त्याचे वर्तनही देवासारखे हवे.

‘कर्तव्यवाद’, ‘उपयुक्ततावाद’ हे पंडिती शब्द या निबंधात नाहीत, पण तिन्ही कसोट्या आहेत. नियम दोघांना एकच हवा, हा कर्तव्यवाद्याचा आग्रह. सक्तीच्या वैधव्यातून किती दुःख आणि किती गुन्हे उपजतात, हा परिणामांचा हिशेब. आणि शील दोघांच्याही अंगी हवे, ही सद्‌गुणाची मागणी. धर्माज्ञा म्हणून चालत आलेली रूढी न्याय्य आहे का, हे विचारण्याचा हक्क ताराबाई स्वतःकडे घेतात, हे या निबंधाचे खरे बळ.

निबंधावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. स्त्रीपुरुषांचे समान हक्क जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ (१८९१) या ग्रंथातही ठामपणे मांडलेले आहेत. पुढे ‘स्त्रीपुरुष तुलना’ विस्मृतीत गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला. ताराबाईंचे प्रसिद्ध झालेले पुस्तक ‘स्त्रीपुरुष तुलना’ एवढेच.