एनएफएस : लेखनाचा वेग आणि सिंक-असिंक

एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. सर्व्हरवरची डिस्क जाळ्यातल्या इतर संगणकांना घरचीच असल्यासारखी वापरू देणारी ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. वाचताना ती सहसा अडत नाही. तक्रारी येतात त्या लेखनाच्या.

दुसऱ्या आवृत्तीचा नियम कडक होता : माहिती डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरने पोच द्यायची नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. दर विनंतीला एक फेरा धरला तर सेकंदाला जेमतेम १२० विनंत्या, आणि एका विनंतीत फार तर ८ केबी. म्हणजे सेकंदाला एक एमबीही नाही.

१९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने यावर तोड काढली. सर्व्हर माहिती मेमरीत घेऊन लगेच पोच देतो, पण क्लायंट आपली प्रत ठेवून देतो. ‘कमिट’ला, म्हणजे माहिती डिस्कवर उतरवण्याच्या विनंतीला, होकार आला की मगच ती टाकतो. मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर त्याच्या उत्तरातली खूण बदललेली असते. ती पाहून क्लायंट माहिती पुन्हा पाठवतो.

लिनक्स सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमधला ‘असिंक’ पर्याय नेमकी हीच साखळी तोडतो : डिस्कवर काही न उतरवता कमिटलाही होकार. भिलाई-दुर्गकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी एकाच सर्व्हरवर आहेत असे धरा. सोर्स कोडचा टारबॉल उलगडला की हजारो बारक्या फाइल बनतात, आणि प्रत्येक फाइल बनवताना व बंद करताना डिस्कची वाट पाहावी लागते. असिंक लावले की तेच काम झरझर उरकते. मात्र वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर शेवटच्या काही सेकंदांचे काम बुडते आणि क्लायंटला पत्ताही लागत नाही. त्याने प्रत केव्हाच टाकलेली असते.

एनएफएस-युटिल्सच्या १.०.० आवृत्तीपर्यंत असिंक हाच डिफॉल्ट होता, पुढे सिंक, म्हणजे डिस्कवर उतरल्यावरच होकार देणारा पर्याय, डिफॉल्ट झाला. अपग्रेडनंतर सर्व्हर मंदावल्यासारखा वाटे, तो यामुळेच. क्लायंटच्या माउंटमधला असिंक वेगळा. तो मुळातच डिफॉल्ट असतो आणि त्याला हात लावण्याची गरज नसते.

खरा उपाय हार्डवेअरमध्ये आहे : बॅटरीवर कॅश जपणारा रेड कंट्रोलर, किंवा वीज गेल्यावरही हातातले लेखन पुरे करणारे कपॅसिटर असलेली एसएसडी. कंपाइल करतानाच्या तात्पुरत्या फाइलींसारखे, बुडाले तरी पुन्हा करता येणारे काम असेल, तर असिंक खुशाल ठेवावा.