गावोगाव विचारत गेलेली नोंदणी

देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू झाली. शहरात रुग्णालयांची दप्तरं चाळली की बहुतेक रुग्ण सापडत. खेड्यात ते शक्य नव्हतं. तिथला रुग्ण दप्तरापर्यंत पोचतच नव्हता.

म्हणून 1987 साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने उलटी वाट धरली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या 346 गावांत कार्यकर्ते फिरू लागले. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी.

रुग्ण शोधायचा तर आधी लक्षणं सांगावी लागत, आणि तिथे जुन्या समजुती आड येत. अंगावरून पांढरं जाणं हा बाईचा भोगच मानला जाई. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तरी त्यात घाबरण्यासारखं काही वाटत नसे. दुखत नसलेल्या गाठीकडे कोण बघणार? गाठीला चाकू लागला की ती पसरते, ही भीती तर घट्टच होती. खरं तर सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही, आणि बरा होण्याची संधी त्याच वेळी सर्वांत जास्त असते. एवढी एक गोष्ट कळणं जीव वाचवणारं होतं.

या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वाधिक आढळला. कार्यकर्ते येत-जात राहिले, बोलत राहिले, तसं पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात निदान होणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. तेव्हा तिथे तपासणीची कोणतीही सार्वत्रिक मोहीम नव्हती. हा फरक मुख्यतः माहितीने घडवला.

पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 497 गावांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. याच कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, आणि व्हिनेगरमधलं आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, अशा तीन पद्धती वेगवेगळ्या गटांत वापरल्या गेल्या. निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तर नेहमीचेच उपचार उपलब्ध असलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. आणि ही चाचणी प्रत्येकीची एकदाच झाली होती.