पात्र, अपात्र आणि कॅमेरा

२००६ चा जून संपत आलाय. वर्ध्याच्या रेल्वे स्टेशनाबाहेर तुम्ही जीपची वाट बघताय. खांद्यावर ट्रायपॉड, पिशवीत कोऱ्या टेपा, चपलेला चिकटलेली ओली काळी माती. एका माहितीपटाच्या चमूत तुम्ही सगळ्यांत नवे. पंतप्रधान मनमोहन सिंग शेतकऱ्यांना भेटायला जिल्ह्यातल्या वायफड गावात येणार आहेत, म्हणून मोठ्या चॅनेलांच्या ओबी व्हॅन रस्त्यावर रांगेनं उभ्या आहेत.

वाटेत बाया वाकून सरकी टोबताना दिसतात. जीप चालवणारा स्वतः कास्तकार आहे. "भाऊ, पावसानं दडी मारली का दुबार पेरणी. बियाणं पुन्हा उधारीवर," तो सांगतो आणि बोलणं तिथंच थांबवतो. त्याचा हिशेब तुम्हाला हळूहळू उमगतो. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटासाठी कृषी केंद्राची पायरी चढणं नेमाचं झालं. इथली बहुतेक पऱ्हाटी कोरडवाहू. पाऊस चुकला की विकतचं बी आणि उसना पैसा, दोन्ही एकाच दिवशी मातीत जातात.

वायफडमध्ये बंदोबस्त आहे, माईक आहेत, मान्यवरांच्या मागं धावणारे कॅमेरे आहेत. १ जुलैला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर होतं. रात्रीच्या बातम्यांत तो आकडा पडद्यावर झळकत राहतो. मग व्हॅन नागपूरच्या रस्त्याला लागतात. तुमची दिग्दर्शिका मात्र जीप पुन्हा खेड्यांकडे वळवायला सांगते. तिच्या मते चित्रीकरण आता सुरू होतंय.

एका घराच्या ओसरीवर तुम्ही बसता. इथल्या माणसानं काही महिन्यांपूर्वी फवारणीचं औषध प्यायलं. त्याची बायको तिशीतली असेल. तुम्ही सवयीनं तिच्या चेहऱ्यावर लेन्स नेता, तशी दिग्दर्शिका तुमच्या खांद्यावर हात ठेवते. "चेहरा राहू दे. ताई, कागद दाखवाल का?" बाई पत्र्याची पेटी उघडते. त्यातून सोसायटीचं पासबुक, औषधांची बिलं, बियाण्याची रिकामी पाकिटं, सातबारा आणि पंचनाम्याची प्रत बाहेर येते. शेवटी सरकारी पत्र. त्यावर एकच शब्द निर्णायक आहे: अपात्र.

तुम्ही कॅमेरा एकेका कागदावर धरता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठीच्या छाननीत जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाचं होतं, ते थकलेलं होतं का आणि वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. "जमीन सासऱ्याच्या नावावर आहे नं भाऊ. मालकाच्या नावावर कायीच नोयतं," बाई म्हणते. सावकाराच्या कर्जाला पावती नाही, म्हणून ते कर्जही मोजलं जात नाही. घाम गाळून पिकवलेल्या शेताचा तो शेतकरी होता हे सगळं गाव जाणतं, पण फाइलीत तो शेतकरी ठरत नाही. बाया जन्मभर शेतात राबतात, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच असतं. त्यांनी जीव दिला तर त्यांची नोंद शेतकरी म्हणून व्हायचीही मारामार.

त्या रात्री मुक्कामी तुम्ही एक अहवाल वाचता. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी तो याच वर्षी राज्य सरकारला दिलाय. वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधल्या आत्महत्या झालेल्या १११ घरांचा त्यात अभ्यास आहे. त्यांतल्या सुमारे ८७ टक्के घरांवर कर्ज होतं. दुपारच्या पेटीतले कागद एकट्या घराचे नव्हते, हे तुम्हाला तिथं कळतं.

आता तीन महिने मागं, मुंबईत या. लॅक्मे फॅशन वीक सुरू आहे. दिव्यांच्या झोतात सुती कपडे मिरवले जाताहेत आणि ते टिपायला ५१२ अधिकृत पत्रकार हजर आहेत. हा आकडा 'द हिंदू'चे ग्रामीण घडामोडींचे तेव्हाचे संपादक पी. साईनाथ पुढं वर्षानुवर्षं सांगत राहतील. ज्या मुलखात हा कापूस पिकतो, तो इथून विमानानं तासाभरावर. तिथल्या मरणांचा माग काढायला बाहेरून गेलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजता यावेत इतकेच. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावानं अख्खं गाव विकायला काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठं काही नजरा इकडे वळल्या.

परत चला, हिंगणघाटच्या बाजारात. दिवाळी होऊन गेलीय, कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय. ग्रेडर मुठीत कापूस दाबून बघतो आणि एका शब्दात वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरवतो. राज्य सरकारची १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना मोडकळीला आलीय. क्विंटलमागं मिळणारा पाचशे रुपयांचा आगाऊ बोनस २००५ मध्ये बंद झालाय. तिकडे अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचं अनुदान देते आणि त्या दाबाखाली जगाचा भाव पडतो. तुम्ही ग्रेडरच्या मुठीवर कॅमेरा स्थिर ठेवता. त्या मुठीत मुंबईची धोरणं आहेत आणि परदेशातलीही, हे पुढं संकलनाच्या टेबलावर जोडून दाखवावं लागणार आहे.

२००८ चा फेब्रुवारी. केंद्राच्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर होते. तुम्ही त्या पेटीवाल्या बाईच्या गावात तिसऱ्यांदा आलाय. पारावरची माणसं आनंदात नाहीत. पूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला आहे. कोरडवाहूत आठ एकर असलेला माणूस ओलिताच्या दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, पण नियमाला जमिनीचं माप दिसतं, पाणी दिसत नाही. पहिल्या वर्षीच तुम्ही निघून गेला असता, तर पारावरची ही तक्रार चित्रपटात आलीच नसती.

आणि आता २००९. अंधाऱ्या सभागृहात दीपा भाटिया यांचा 'नीरोज् गेस्ट्स' लागलाय. काही वर्षं साईनाथांसोबत फिरून त्यांनी तो घडवलाय. रोमन सम्राट नीरोनं आपल्या बागेत रात्रीच्या उजेडासाठी कैद्यांना जाळलं, असं इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय. साईनाथ ती मेजवानीची रात्र म्हणून सांगतात, पण नीरोबद्दल फार बोलत नाहीत. त्या उजेडात जेवत राहिलेले पाहुणे कोण होते, हे ते विचारतात. दोन वर्षांनी मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंग टाकळीचा एक कापूस-हंगाम त्यात आहे, आणि बियाणे कंपन्यांना विचारलेले थेट प्रश्नही. आत्महत्यांचं कारण बीटी बियाणं आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शोध घेणाऱ्या चित्रपटाला हे मतभेदही दाखवता यायला हवेत. बियाणं, पाणी, कर्ज, भाव आणि नियम यांतल्या एकावरच बोट ठेवलं, की बाकीचे चार सुटतात.

प्रवास संपतोय, तुम्ही आजच्या दिवसात परत आलाय. पडद्यावर दहशतवादावरचा माहितीपट असेल, एखाद्या कंपनीचा घोटाळा असेल किंवा कापसाच्या शेतातलं मरण. वर्ध्यानं शिकवलेली कसोटी तिन्हींना लावा. चमू दुसऱ्यांदा परत गेला का? त्यानं अश्रूंइतकेच कागद दाखवले का? मोजणीतून कोणाला वगळलं आणि कोणत्या नियमानं, हे सांगितलं का? चेन्नईचे प्रा. के. नागराज यांनी सरकारी नोंदींवरूनच दाखवलं, की १९९७ ते २००५ या काळात देशात सुमारे दीड लाख शेतकऱ्यांनी जीव दिला. शेतकरी म्हणून नोंदच न झालेली किती माणसं या आकड्यात आली नाहीत, हे शोधायला गावोगाव फिरणारा कॅमेरा लागतो. तो फिरत राहावा, त्याला पैसा आणि वेळ मिळावा, त्यानं आणलेलं आपण शेवटपर्यंत बघावं आणि बघून झाल्यावर आपल्या तहसीलदाराला, आमदाराला, खासदाराला प्रश्न विचारावेत. कापूस अंगावर घालणाऱ्या प्रत्येकावर एवढं देणं आहेच.